मागं ऐकू येतंय का

शाळेच्या गॅदरिंगला स्पीकर माझा असायचा.
पाचगणीत तेव्हा दोनच ॲम्प्लिफायर,
एक चर्चचा, एक माझा,
व्हॉल्व्हचा. तापला की भाजक्या शेंगदाण्यासारखा वास यायचा.
माईकवर टिचकी मारून मी एकच विचारायचो,
मागं ऐकू येतंय का?
आणि सिल्व्हर ओकच्या रांगेपलीकडून
भांडी घासता घासता जनाक्का ओरडायची,
येतंय!

ती सातवीत होती. गोलनार सबूरी.
बाप तेहरानात सिमेंटच्या कारखान्यात साहेब.
इंग्रजी अर्धं, मराठी जनाक्काच्या चुलीपुढं शिकलेलं,
म्हणून आधी शिव्या आल्या,
मग भाज्या, मग बाकीचं.
गाताना माईक गिळायला निघायची.
म्हटलं, बाय, एक वीत.
माझी नव्हे, तुझी.
तिनं हनुवटीपासून बोटं ताणून मोजलं
आणि एक पाऊल मागं सरली.
काय गायली ते मला कळलं नाही.
कर्णा एकदाही शिट्टी वाजला नाही, एवढं आठवतं.

गोलनार म्हणजे काय गं?
डाळिंबाचं फूल.
मी आटपाडीचा. आमच्या परड्यात दोन झाडं होती.
डाळिंबाला फुलंही दोन तऱ्हेची:
एक बुडाशी फुगीर, ते धरतं.
दुसरं नर, कर्ण्यासारखं, लालभडक,
चार दिवस मिरवतं आणि गळतं.
तुझं कुठलं?
हसली. म्हणाली, आमच्याकडं
त्या दुसऱ्यालाच गोलनार म्हणतात.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं.

सत्त्याहत्तरला एक इराणी पोरगा
सुट्टीवरून कॅसेट घेऊन आला.
कव्हरवर तीच. केस कापलेले, पापण्यांवर निळा रंग,
नाव नुसतं ‘आफाक’.
म्हणाला, काका, टॅक्सीत हीच, लग्नात हीच,
आमच्या आजोबांच्या न्हाव्याकडंसुद्धा हीच.
मी ती गणपतीत लावली.
मंडळाला वाटलं नव्या पिक्चरचं.
मिरवणूक बाजारपेठेत पाऊण तास हलेना.

मग तिकडं राज्य पालटलं.
त्या जूनला पोरं कमी आली.
आलेल्यांतल्या एकाला विचारलं, आफाक?
त्यानं आधी मागं बघितलं.
मग हळू सांगितलं, आता बाईनं एकटीनं गायचं नाही,
पुरुषांपुढं तर नाहीच.
चौघींच्या मागं उभी राहून गायली तर चालेल कदाचित.
म्हणजे किती मागं? मी विचारलं.
माझ्या धंद्यातला प्रश्न होता तो.
त्याला रडू आलं.

बारा वर्षं ती तिथंच होती म्हणे.
शिवणाचे क्लास घेतले.
खिडक्या लावून, रेडिओ मोठा ठेवून
शेजारच्या पोरींना गाणं शिकवलं.
लोकांनी तिच्या कॅसेटी पिठाच्या डब्यात पुरल्या.
माझी इथं उघड्या फळीवर होती.
तिला बुरशी लागली,
पाचगणीची हवा, कुणी बंदी घालावी लागत नाही.

नंतर अमेरिका. हॉटेलातली लग्नं,
तीच जुनी सात गाणी,
आणि ऐकायला नव्हे, रडायला आलेली माणसं.
तिनं नवं काही काढलं की
जेवणाच्या रांगा लागायच्या.

परवा नातीनं फोनवर काढून दिलं.
भरलेला हॉल. सत्तरीला टेकलेली बाई,
काठी कीबोर्डवाल्याच्या हातात दिली,
माईकपुढं आली,
हनुवटीपासून बोटं ताणली,
एक पाऊल मागं.
आणि फारसी सुरू व्हायच्या आत
चुलीपुढच्या त्या मराठीत म्हणाली,
मागं ऐकू येतंय का?

हॉल हसला.
त्यांना वाटलं असेल मंतर-बिंतर,
म्हातारीची जुनी खोड.

जनाक्काला जाऊन वीस वर्षं झाली.
म्हणून मीच म्हटलं, येतंय.
नात बघायला लागली.
बेस जरा कमी करायला सांग त्यांना,
पण येतंय.